रात्री दोन वाजता फ्लॅप कोण बघणार?

पत्र थोडक्यात असं: ‘माझी आई ५२ वर्षांची, मंचरजवळ राहते. उजव्या स्तनाचा कर्करोग आहे, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. आठपैकी पाच केमो झाल्या. त्यानंतर पूर्ण स्तन काढायचा आणि मग रेडिएशन नक्की, असं ऑन्कॉलॉजिस्टनी सांगितलंय. आईला साखर आहे. स्तन पुन्हा तयार करून घ्यावा अशी तिची इच्छा आहे. पुण्यात दोन प्लास्टिक सर्जनना भेटलो. एक म्हणाले, त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट (सिलिकॉनची पिशवी) टाकून देऊ. दुसरे म्हणाले, पोटाचा भाग लावू, पण आत्ता नको. तिसऱ्या एका क्लिनिकने फोनवरच पॅकेज सांगून टाकलं. मामा म्हणतात, या वयात हे कशाला? आम्ही कोणाला निवडायचं?’ (कोथरूडहून एक वाचक)

नमस्कार ताई,

दोन सर्जननी दोन वेगळी ऑपरेशनं सांगितली म्हणजे त्यातला एक चुकीचाच असणार, असं नाही. ऑपरेशनचं नाव जरा बाजूला ठेवा आणि ते नाव घेण्याआधी कोणी काय काय विचारलं, ते आठवून बघा. रेडिएशन ठरलंय का, साखर किती, पोटावर जुने टाके कुठे आहेत, आई घरी आणि शेतात कोणती कामं करते, तिला स्वतःला काय हवंय. यातलं काहीही न विचारता जो थेट ऑपरेशन सांगतो, त्याला बहुधा ते एकच ऑपरेशन येतं. फोनवरच्या पॅकेजबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

मामांचा प्रश्न आधी मिटवू. ५२ हे वय या ऑपरेशनच्या आड येत नाही. आड येतात साखर, तंबाखू, वजन आणि रक्तवाहिन्यांची अवस्था. पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याचा धोका वाढत नाही. पुनर्रचना न करणं हाही पूर्ण पर्याय आहे: छाती सपाट, नीट शिवलेली, आणि ब्रामध्ये घालायला सिलिकॉनचा किंवा सुती विणकामाचा कृत्रिम स्तन. चांगला सर्जन हा पर्याय स्वतःहून सांगतो. निर्णय मात्र आईचा. ओपीडीत पुष्कळदा जावई किंवा भाऊ डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आणि पेशंट कडेच्या स्टुलावर, असं चित्र असतं. सर्जन त्या वेळी कोणाकडे बघून बोलत होते, हेही निवडीत धरा.

पदवी तपासायला पाच मिनिटं पुरतात. एमबीबीएस, त्यावर जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. या शेवटच्या परीक्षेला आता डीआरएनबी म्हणतात. ‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी वेगळी मान्यताप्राप्त पदवी आपल्याकडे नाही, त्यामुळे पाटीवर तेवढंच असेल तर खालची अक्षरं वाचा. प्रिस्क्रिप्शनवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. काही ठिकाणी ‘ऑन्कोप्लास्टिक ब्रेस्ट सर्जन’ भेटतील. हे बहुतेक कर्करोगाचे सर्जन असून त्यांनी पुनर्रचनेचं जादा प्रशिक्षण घेतलेलं असतं. इम्प्लांट आणि पाठीचा फ्लॅप त्यांतले बरेच जण उत्तम करतात. फ्लॅप म्हणजे शरीराच्या एका जागेचा, रक्तपुरवठ्यासकट दुसरीकडे लावलेला भाग. पोटाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचं काम मात्र सहसा प्लास्टिक सर्जनचं.

आता मुख्य मुद्दा, रेडिएशन. शरीरात इम्प्लांट घातलं की त्याभोवती पातळ पापुद्रा तयार होतो. तो सगळ्यांनाच होतो. रेडिएशनने हा पापुद्रा जाड होऊन आवळायला लागतो. मग स्तन कडक होतो, वर ओढला जातो, कधी दुखतो. वरची कातडी पातळ पडली, जखम उसवली आणि जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढून टाकावं लागतं. म्हणून रेडिएशन ठरलेलं असताना लगेच इम्प्लांट सुचवणाऱ्या सर्जनना सरळ विचारा: ‘रेडिएशननंतर तुमच्या किती पेशंटचं इम्प्लांट काढावं लागलं, आणि काढल्यावर तुम्ही पुढे काय केलंत?’ रेडिएशन असूनही इम्प्लांट घालणारे अनुभवी सर्जन जगभर आहेत, तेव्हा सुचवणं चूक नाही. पण उत्तरात आकडा आला, अडचणीचं वर्णन आलं आणि पुढची योजना आली, तर माणूस कामातला आहे. ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाले तर दुसरीकडे चला.

मधला एक मार्ग असतो. स्तन काढताना कातडीखाली एक्स्पान्डर, म्हणजे रिकामी पिशवी ठेवायची, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने तिच्या पोर्टमधून, म्हणजे सुई टोचायच्या जागेतून, सुईने थोडं थोडं सलाइन भरायचं, साधारण एका वेळी ५० ते १०० मिली, म्हणजे कातडीची जागा राखली जाते. रेडिएशन संपून सहाएक महिने गेले की ती काढून तिथे आईचाच मांसल भाग लावायचा. बऱ्याच एक्स्पान्डरच्या पोर्टमध्ये धातूचं चुंबक असतं, त्यामुळे एमआरआय चालत नाही आणि रेडिएशनच्या आखणीतही त्याचा हिशेब धरावा लागतो. एक्स्पान्डर सुचवला गेला तर ‘रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय का’, हा तुमचा पुढचा प्रश्न.

इम्प्लांट कधीही घातलं तरी त्याचं कार्ड किंवा डब्यावरचा स्टिकर मागून फाइलला लावा: कंपनी, माप, लॉट क्रमांक, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत. २०१९ च्या जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीने आपले खरखरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलावले, कारण लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी त्यांचा संबंध आढळला होता. तेव्हा ज्यांच्या फाइलला स्टिकर होता, त्यांना आपलं इम्प्लांट कोणतं हे लगेच कळलं. शिवाय कुठलंही इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं.

स्वतःच्या शरीराचा भाग वापरायचा तर दोन मुख्य जागा. पाठीचा स्नायू कातडीसकट काखेखालून पुढे फिरवतात, त्याची रक्तवाहिनी न तोडता. मूळ न तोडता कातडी फिरवायची ही रीत आपल्याकडे जुनीच: टिपूच्या लढाईत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं होतं, आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं सचित्र वर्णन छापून आलं. दुसरी जागा पोटाची. तिथे दोन प्रकार आहेत आणि ‘पोटाचा भाग लावू’ एवढ्यावरून कोणता ते कळत नाही, म्हणून विचाराच. ‘ट्रॅम’ नावाच्या प्रकारात पोटाचा उभा स्नायूही वर जातो. ‘डीआयईपी’ या दुसऱ्या प्रकारात स्नायू जागेवर राहतो. फक्त कातडी, चरबी आणि स्नायूतून सोडवून काढलेली रक्तवाहिनी घेतात आणि ती छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. वाहिनीची जाडी दोन-तीन मिलिमीटर, धागा केसाहून बारीक, ऑपरेशन सहा ते आठ तासांचं, कधी त्याहून जास्त.

आईचं रोजचं काम काय, याचा संबंध इथे येतो. मंचरच्या बाजूला बटाट्याची गोणी उचलणं हे घरातल्या बाईला चुकत नाही. ट्रॅमनंतर पोटाची भिंत कमजोर होऊन फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो, त्यासाठी जाळी बसवतात. डीआयईपीत हा धोका कमी, पण संपूर्ण नाहीसा होत नाही. कुठल्याही पोटाच्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने ओझं बंद. पाठीचा स्नायू घेतला तर रोजच्या कामात फारसं जाणवत नाही, पण दोर ओढणं, वरून जड काही खाली खेचणं, यात जोर कमी पडू शकतो. आणि पाठीच्या जखमेत पाणी साठणं इतकं नेहमीचं आहे की सर्जननी ते आधीच सांगायला हवं.

तपासणी कशी झाली तेही आठवा. नीट तपासणारा सर्जन, शेजारी नर्स किंवा आया उभी करून, आईला आधी उभं ठेवून बघतो, मग झोपवून. पोटाची चरबी चिमटीत धरून बघतो, पाठीची कातडी बघतो आणि टेप बाहेर काढून स्तनाची रुंदी, गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर वहीत मांडतो. जुने टाके बघतो. सिझेरियनचा आडवा टाका सहसा आड येत नाही. बेंबीखालचा उभा टाका असेल तर त्याच्या पलीकडच्या बाजूला रक्त पोचेलच याची खात्री नसते, मग पोटाचा निम्माच भाग हाताशी उरतो. डीआयईपी ठरलं तर पोटाची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करून कुठली वाहिनी घ्यायची ते आधी बघतात. टेप न काढता, ब्लाउजवरूनच ‘होऊन जाईल’ म्हणालेल्या सर्जनकडे पुन्हा जाण्यात अर्थ नाही.

तंबाखूबद्दल विचारलं का? तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण हे वाचून आईला एकटीला गाठून विचारा: मिश्री लावता का? दवाखान्यात ‘सिगारेट, तंबाखू?’ असा प्रश्न आला की बायका ‘छे’ म्हणतात, आणि मनापासून म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची गोष्ट. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, बारीक वाहिन्या आक्रसतात, आणि फ्लॅपची कड काळी पडते किंवा पोटाची जखम उसवते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. ज्या सर्जनने ‘धूम्रपान करता का’ एवढ्यावर न थांबता ‘मिश्री’ हा शब्द स्वतःहून उच्चारला, त्याने आपल्या भागातल्या बायकांवर पुष्कळ काम केलेलं आहे असं खुशाल समजा.

साखरेचं तसंच. तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ७ च्या आसपास यावी असा बहुतेकांचा आग्रह असतो. केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने साखर वर जाते, त्यामुळे आत्ताचा आकडा वाईट दिसला तर हबकू नका. पण साखरेच्या डॉक्टरांना केमोच्या तारखा दाखवून औषधं आत्ताच जुळवून घ्या.

आता शीर्षकातला प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली जोडलेला फ्लॅप पहिल्या दोन-तीन दिवसांत दगा देऊ शकतो, त्यातही पहिले ४८ तास जास्त जोखमीचे. जोडलेल्या वाहिनीत, बहुतेक वेळा शिरेत, गुठळी अडकते. वेळेत ओटी उघडून ती काढली तर फ्लॅप वाचतो. तास वाया गेले तर जातो. म्हणून पहिला दिवसभर दर तासाला फ्लॅप बघायचा असतो. नर्स बोटाने फ्लॅप हलका दाबून सोडते. फिकट झालेली जागा दोन-तीन सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. रंग झटकन परत येतोय, फ्लॅप जांभळट आणि टम्म झालाय, तर शीर अडली. पांढरट, गार, रंग परत येतच नाही, तर धमनी अडली. सर्जनने टाका घालून खूण केलेल्या जागी पेनासारखा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) टेकवला की नाडीचा फुस्-फुस् आवाज येतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर जांभळेपणा उशिरा लक्षात येतो, म्हणून शंका आली की सुई टोचून रक्ताचा रंग बघतात: लालभडक थेंब हवा, काळपट रक्त भराभर येऊ लागलं तर सर्जनला फोन.

हा फोन रात्री दोन वाजता कोण करणार आणि कोण उचलणार, हे विचारा. पुण्यातले बरेच सर्जन तीन-चार हॉस्पिटलांत व्हिजिटिंग असतात. एरंडवण्यातलं ऑपरेशन आटपून ते संध्याकाळी खराडीला गेले, तर नगर रस्त्याच्या गर्दीतून परत यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्रश्न हॉस्पिटलच्या नावाचा नाही. तिथल्या रात्रपाळीच्या नर्सनी असे फ्लॅप सांभाळलेत का, निवासी डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचा आहे की नुसता ड्यूटी डॉक्टर, ओटी आणि भूलतज्ज्ञ किती मिनिटांत तयार होतात, सर्जन गावाबाहेर असतील तर दुसरं नाव कोणाचं. अनुभवी हातांत पूर्ण फ्लॅप जाण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीनच्या घरात असतं. शून्य सांगणाऱ्याने एकतर मोजलं नाही, किंवा मोजण्याइतके केले नाहीत.

अनुभवाचा आकडा विचारताना एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगामुळे प्लास्टिक सर्जन जबड्यासाठी, गालासाठी फ्री फ्लॅप, म्हणजे मूळ जागेपासून पूर्ण सोडवून नव्या जागी वाहिनी जोडलेला फ्लॅप, सतत करत असतात. वाहिनी जोडायचा हात त्याने तयार होतोच. पण स्तनाला आकार देणं, दुसऱ्या बाजूशी जुळवणं हे निराळं कसब. तेव्हा ‘फ्री फ्लॅप किती केलेत’ याबरोबर ‘त्यातले स्तनाचे किती, आणि गेल्या वर्षात किती’ असंही विचारा. फोटो बघायला मागा. सर्वांत सुंदर दोन नकोत. आईच्या वयाच्या, आईसारख्या बांध्याच्या, रेडिएशन झालेल्या बायकांचे हवेत, ऑपरेशननंतर निदान वर्षाने काढलेले, समोरून, बाजूने आणि हात वर करून. पोटाचा आणि पाठीचा व्रणही त्यात दिसायला हवा. चेहरा झाकलेला नसेल तर उठून या, उद्या आईचाही फोटो असाच कोणाला तरी दाखवतील.

आधीची एखादी पेशंट आईशी फोनवर बोलेल का, हेही विचारता येतं. बऱ्याच जणी तयार असतात.

स्तन काढणारा सर्जन आणि तो बनवणारा सर्जन ऑपरेशनच्या आधी एकमेकांशी बोललेले हवेत. छेद कुठे, कातडी किती राखायची, हे कर्करोगाचे सर्जन ठरवतात. कातडी फार पातळ उतरली तर ती काळी पडते आणि प्लास्टिक सर्जन काही करू शकत नाही. पुनर्रचना नंतर करायची ठरली तरी हे बोलणं आत्ताच हवं. काखेतल्या गाठी काढताना पाठीच्या स्नायूला रक्त देणारी थोरॅकोडॉर्सल वाहिनी तिथेच असते. ती शाबूत राहिली तरच पुढे पाठीचा फ्लॅप जमतो. ‘वाहिनी राखली’ अशी नोंद ऑपरेशन नोटमध्ये करा, असं सर्जनना आधी सांगून ठेवा आणि डिस्चार्जच्या वेळी त्या नोटची प्रत घ्या.

पैशाचं. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात किती टप्पे धरलेत ते बघा. एका ऑपरेशनमध्ये काम संपत नाही: आकार सुधारणं, दुसरा स्तन उचलून किंवा लहान करून जुळवणं, तीन-चार महिन्यांनी स्तनाग्र करणं, मग गोंदवून रंग देणं. यातलं काय धरलंय, काय नाही? फ्लॅपला परत ओटीत न्यावं लागलं तर त्याचं बिल कसं? विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये ‘एक्सक्लुजन ०८’ खाली सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून सोडलेली आहे. म्हणून पूर्वमंजुरीच्या पत्रात ‘कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना’ असे शब्द हवेत. डेस्कवरच्या मुलाने नुसतं ‘प्लास्टिक सर्जरी’ लिहिलं की दावा अडकतो. दुसऱ्या, निरोगी स्तनाच्या ऑपरेशनवर कंपन्या हटकून वाद घालतात, त्याची मंजुरी वेगळी आणि लेखी मागा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर नुसतं भाडं नाही, बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जाणार असाल तर पुनर्रचनेचं पॅकेज त्या हॉस्पिटलला लागू आहे का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाकडून, लिहून घ्या.

आमचा कल विचाराल तर तुमच्या आईच्या बाबतीत दुसऱ्या सर्जनचं ‘आत्ता नको’ आम्हाला जास्त पटतं. लगेच केलेल्या मोठ्या ऑपरेशनची जखम रेंगाळली तर रेडिएशन लांबतं, आणि ते लांबवणं परवडणारं नाही. रेडिएशननंतर सहा महिने ते वर्ष थांबून पोटाचा किंवा पाठीचा भाग लावता येतो. दोन-चार वर्षांनीही लावता येतो. तेवढ्यात साखर आवरते, मिश्री असेल तर सुटते. अर्थात दुसऱ्या सर्जननाही वरचे सगळे प्रश्न विचारायचेतच. थांबायला सांगितलं म्हणून ते रात्री दोन वाजता येतील असं नाही. त्यांच्याकडे मन बसलं नाही तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये एकदा कागद दाखवून या, सगळे रिपोर्ट आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) बरोबर न्या.

पुढे ऑपरेशन ठरेल तेव्हा आई टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी) घेत असेल तर ते प्लास्टिक सर्जनना सांगा. त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून फ्री फ्लॅपच्या आधी काही आठवडे ते थांबवायला सांगतात, पण ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. आणि नव्या स्तनाला स्पर्श फारसा कळणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा. थंडीत शेकायची गरम पाण्याची पिशवी त्यावर ठेवली तर चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो.